विचारायचं, तर उत्तराची सोय करून

क्षयरोगाचं निदान झालेली एक बाई वजनकाट्यावर उभी राहते. काटा ३६ किलो दाखवतो, उंची भरते १५० सेंटिमीटर. सिस्टर दोन्ही आकडे केस पेपरवर लिहितात. वजन ३५ ते ४९ किलोच्या गटात येतं, म्हणून रोज तीन गोळ्या ठरतात आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. औषधाचा हिशोब बरोबर झाला. पण त्याच दोन आकड्यांतून आणखी एक हिशोब निघतो. तिचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १६ आहे, म्हणजे ही बाई तीव्र कुपोषणाच्या उंबरठ्यावर उभी आहे. घरात धान्य आहे का, काल रात्री काय जेवलात, हा यापुढचा साधा प्रश्न. तो विचारायला केस पेपरवर जागाच नसते.

आपल्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांनी हा प्रश्न विचारायला हवा. कुणी डॉक्टर कनवाळू आहे म्हणून नव्हे, तर रक्तदाब जसा प्रत्येकाचा मोजला जातो तसा, रीतसर. धान्य, प्रवास, बुडणारा रोज, कागदपत्रं आणि घरातली सुरक्षितता या पाच गोष्टी उपचार तडीला जाणार की अर्धवट सुटणार हे ठरवतात. मात्र एक अट आधीच घालून घ्यावी लागेल. ज्या अडचणीवर रुग्णालयाच्या आवारातून निदान पहिलं पाऊल टाकता येत नाही, तिचा प्रश्न यादीत घालायचा नाही. ही अट सुटली की चांगल्या हेतूने आणलेला फॉर्म आणखी एक रजिस्टर होऊन बसतो, आणि रुग्णाने एकदा सांगूनही काही झालं नाही की तो पुन्हा सांगत नाही.

भुकेचा प्रश्न हा वैद्यकीय प्रश्न आहे याचा पुरावा आता आपल्याच देशातला आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांवर झालेला ‘रेशन्स’ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला महिन्याला दहा किलोचा शिधा दिला होता. काही भागांमध्ये घरातल्या बाकीच्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. जिथे घरच्यांनाही शिधा मिळाला, तिथे त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. रुग्णांच्या बाबतीत दिसलं ते असं की, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. वर सांगितलेल्या बाईसाठी हे पाच टक्के म्हणजे १.८ किलो. एवढं वजन दोन महिन्यांत वाढवायचं तर पहिल्या आठवड्यापासून ताटात काय पडतंय ते माहीत हवं. तिसऱ्या महिन्यात कळून उपयोग नाही.

इथे सरकारची योजना आहे, पैसेही आहेत. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून क्षयरुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. सहा महिन्यांचे ६००० रुपये तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत द्यायचे, पहिला हप्ता उपचार सुरू होताना आणि दुसरा ८४ दिवसांचे उपचार झाल्यावर. कागदावर हे वेळापत्रक चोख आहे. अडतं ते बँकेत. खातं नवऱ्याच्या नावावर असतं, किंवा जनधन खातं वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. आधार खात्याशी जोडलेलं नसतं, किंवा जोडलेलं असतं ते भलत्याच, गावाकडच्या विसरलेल्या खात्याशी, आणि पैसे तिकडे जाऊन पडतात. यातली प्रत्येक गोष्ट पहिल्याच दिवशी पासबुक आणि आधार शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर पाच मिनिटांत कळते. पाहिली नाही तर पहिला हप्ता उपचार संपता संपता हातात येतो. म्हणून ‘खातं चालू आहे का, शेवटचे पैसे कधी काढले?’ हा प्रश्न कारकुनी वाटला तरी क्षयरोगाच्या उपचारात त्याची जागा औषधाच्या पाकिटाशेजारी आहे.

रेशनचंही तसंच. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर आलेल्या कुटुंबाचं कार्ड गावी असतं आणि ‘इथे आमचं रेशन नाही’ असं ते सांगतात. खरं तर अन्नसुरक्षा योजनेतल्या लाभार्थ्याला देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. कार्डावरच्या हक्कातलं काही धान्य इथे आणि उरलेलं गावाकडच्या माणसांनी तिथे, असं वाटूनही घेता येतं. अडचण दोनच ठिकाणी येते. नाव आधारशी जोडलेलं नसतं, किंवा लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलंच नसतं. दुसरी अडचण बायकांच्या बाबतीत फार दिसते. ती सोडवायला पुरवठा कार्यालयाला द्यायचा अर्ज आणि आणखी एक-दोन कागद लागतात. ते कुठे मिळतात हे सांगणारा माणूस रुग्णालयात असला तर काम होतं. नसला तर बाई तीन चकरा मारून नाद सोडते.

‘हे आमचं काम नाही, ओपीडीत दीडशे रुग्ण असतात’ हा डॉक्टरांचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. हे प्रश्न डॉक्टरांनी विचारायचेच नाहीत. पण उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे, कारण कित्येकदा त्याने औषधच बदलतं. रोज संध्याकाळी जेवण मिळेलच याची खात्री नसलेल्या माणसाला ठरलेल्या वेळचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी लिहून दिली, तर एखाद्या उपाशी रात्री साखर उतरून तो बेशुद्ध पडणार. केस पेपरवर मात्र ‘औषध नीट घेत नाही’ अशी नोंद होते. घरात फ्रीज नसलेल्याला इन्सुलिनची वायल, म्हणजे छोटी बाटली, कुठे ठेवणार हे विचारलंच जात नाही. विचारलं तर उपाय साधा आहे. वायल डबीत घालून ती डबी ओल्या मडक्यात, सावलीत ठेवायची, वापरायला काढलेली वायल चार आठवड्यांच्या वर वापरायची नाही आणि जास्तीच्या वायली दवाखान्यातच ठेवून घ्यायच्या. या उत्तराला एक रुपया लागत नाही, लागतो तो प्रश्न.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, अगदी केस पेपरची फीसुद्धा गेली. हा निर्णय चांगलाच होता. त्यामुळे दवाखान्याच्या आतला खर्च कमी झाला आणि बाहेरचा खर्च नागडा दिसू लागला: येण्याजाण्याचं भाडं, बुडालेला रोज, सोबत आलेल्या नातेवाइकाचं जेवण, घरी शेजारणीकडे ठेवलेलं लेकरू. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणाऱ्याला उपचार फुकट असले तरी महिन्याला बारा-तेरा खेपा पडतात आणि प्रत्येक खेपेला सोबतचा माणूसही कामाला मुकतो. एसटीत डायलिसिस, कर्करोग, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे. त्यासाठी लागणारा दाखला त्याच रुग्णालयाने द्यायचा असतो. तो दाखला मागितल्यावर मिळतो, पण मागायला आधी माहीत असावं लागतं. डायलिसिसच्या पहिल्या दिवशी ‘येता कशाने?’ एवढं विचारलं तर दाखला त्याच दिवशी हातात देता येतो.

बुडणाऱ्या मजुरीचा विचार आपल्याकडे नवा नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मूल दाखल होतं तेव्हा आईला बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे. ज्यांनी ही तरतूद केली त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल चौथ्या दिवशी घरी नेणारी आई निष्काळजी नसते. घरी तिची दुसरी दोन मुलं असतात आणि शेतावरचा रोज बुडत असतो. तरीही माता मुलांना घेऊन निघून जातात, कारण मजुरी हातात पडते ती डिस्चार्जनंतर, कधी कधी कितीतरी नंतर. दाखल होतानाच ‘घरी बाकीच्या मुलांना कोण बघतंय?’ असं विचारून आशाताईंना एक फोन केला, धाकट्यालाही आईसोबत राहू दिलं आणि मजुरीचा काही भाग पहिल्या आठवड्यात दिला, तर उपचारांचे पूर्ण चौदा दिवस राहणाऱ्या माता वाढतील असं मला ठाम वाटतं.

अमेरिकेने या वाटेवर आपल्या आधी बरीच मजल मारली आहे आणि तिथली फसगत आपल्या उपयोगाची आहे. तिथल्या सरकारी विमा यंत्रणेने २०१७ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग केला. घर, अन्न, प्रवास, वीज-पाणी आणि हिंसाचार या पाच गोष्टींबद्दल दहा लाखांहून अधिक लोकांना विचारलं आणि गरजूंना मदत मिळवून द्यायला मार्गदर्शक नेमले. आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या काही प्रमाणात कमी झाल्या. पण नुसत्या मार्गदर्शनाने लोकांच्या मूळ गरजा अधिक सुटल्या, असं काही मूल्यमापनात आढळलं नाही. स्वस्त घरच उपलब्ध नसेल तर घराचा पत्ता सांगणारा माणूस काय करणार? पुढे २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांना हे प्रश्न विचारल्याचा अहवाल देणं बंधनकारक झालं, आणि दुसऱ्याच वर्षी ते बंधन काढूनही टाकलं. त्या अहवालात मोजायचं काय होतं? किती जणांना विचारलं आणि कितींनी ‘हो’ म्हटलं. किती जणांची अडचण मिटली, हा रकानाच नव्हता.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे, कारण आकडे भरण्याची सवय आपल्याला आधीच लागली आहे. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका पाहणारा फॉर्म, भरतात. त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हा प्रश्न आहे. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईने ‘लाकूड’ असं उत्तर दिलं की नोंद होते. त्या उत्तराचं पुढे काय करायचं हे आशाताईंना कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यांच्या हातातही काही नसतं. पाचवा, सहावा, दहावा प्रश्न या यादीत घालण्याआधी हे आठवावं.

घरातल्या मारहाणीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि तो कसा विचारावा हे मुंबईने पंचवीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही ते उभं राहिलं. तिथला क्रम शिकण्यासारखा आहे. आधी रुग्णालयातच समुपदेशकाची खोली, मग परिचारिका आणि डॉक्टरांचं प्रशिक्षण, आणि मगच प्रश्न. तोही सरसकट नव्हे. ‘जिन्यावरून पडले’ म्हणत वारंवार येणारी, चुकून विष पोटात गेलं म्हणणारी, वेगवेगळ्या दिवसांच्या जखमा अंगावर असणारी बाई दिसली की. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शनात प्रत्येकीला सरसकट विचारण्याची शिफारस केली नाही. खुणा दिसल्या तर विचारा, आणि एकांत, प्रशिक्षण व पुढे पाठवायची सोय असेल तरच विचारा, असं सांगितलं. म्हणून पाचवा प्रश्न बाकी चारांसारखा सर्वांना नाही. तो रांगेत, नवऱ्याच्या किंवा सासूच्या देखत कधीही विचारायचा नाही. ‘तपासायचं आहे, तुम्ही जरा बाहेर थांबा’ हे सिस्टरांचं वाक्य तिथे फार मोलाचं आहे.

याला जोडूनच एक बारीक गोष्ट, जिच्याकडे परदेशी नमुने उतरवून घेताना हमखास दुर्लक्ष होईल. आपल्याकडे ओपीडीचा केस पेपर रुग्ण घरी नेतो. तो उशाखाली, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो आणि घरातला कुणीही वाचतो. त्यावर ‘नवऱ्याकडून मारहाण’ असं लिहिलं तर तिला त्याच रात्री पुन्हा मार बसेल. मारहाणीची नोंद रुग्णालयात राहणाऱ्या कागदावरच करायची. घरी जाणाऱ्या केस पेपरवर फार तर पुढच्या भेटीची तारीख.

प्रश्नांचे शब्दही वजन करून निवडायला हवेत. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं की आपला माणूस ‘नाही, बरं चाललंय’ म्हणतो. उत्पन्न विचारलं तर घाबरतो. जास्त सांगितलं तर योजना जाईल आणि कमी सांगितलं तर लाज. म्हणून प्रश्न घडलेल्या गोष्टीचा हवा. ‘काल संध्याकाळी घरात काय शिजलं होतं? तुमच्या वाट्याला काय आलं?’ दुसरा प्रश्न बायकांसाठी पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण घरात शिजलेलं आणि तिच्या ताटात पडलेलं यांत फरक असतो. ‘गेल्या महिन्यात धान्य संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं झालं का? इथे यायला किती भाडं पडलं, ते कुठून आणलं?’ उसने आणले असं उत्तर आलं तर पुढची तारीख चुकणार हे समजून घ्यायचं. ‘आज कामावर न गेल्याने किती रोज बुडाला? रेशन कार्ड, आधार, पासबुक यातलं आत्ता जवळ काय आहे?’ आणि हे विचारण्याआधी एक वाक्य स्वच्छ सांगायचं: ‘तुम्ही काहीही सांगितलंत तरी उपचार थांबणार नाहीत.’

हे विचारायचं कुणी आणि कधी? केस पेपरच्या खिडकीवर तर नक्कीच नाही. तिथे मागे पन्नास माणसं उभी असतात. दाखल रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत, खाटेपाशी. ओपीडीत सगळ्यांना विचारणं शक्य नाही आणि गरजही नाही. क्षयरोग, डायलिसिस, इन्सुलिनवरचा मधुमेह, गरोदर माता, कुपोषित मूल, कर्करोग, इतकेच गट घ्यावेत. काम समाजसेवा अधीक्षकांचं. हे पदही नवं नाही. बॉस्टनच्या रुग्णालयात १९०५ मध्ये सुरू झालेली ही कल्पना १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आली. पण आज या माणसाचा दिवस योजनांची कागदपत्रं आणि ट्रस्टांना पत्रं यांत जातो, आणि रुग्ण त्याच्यापर्यंत पोचतो तो बिलाची अडचण झाल्यावर. प्रश्न आधी विचारला तर हा क्रम उलटा होईल.

वेळेचा हिशोब करून बघू. दिवसाला चाळीस नवे रुग्ण दाखल होतात असं धरलं, प्रत्येकी चार मिनिटं, तर १६० मिनिटं झाली. चौघांतल्या एकाला मदत लागली असं धरलं तर दहा जण. प्रत्येकामागे फोन, अर्ज, झेरॉक्स, दाखला मिळून अर्धा तास, म्हणजे पाच तास. एका माणसाचा पूर्ण दिवस इथेच संपला, आणि आदल्या आठवड्यातल्यांचा पाठपुरावा राहिलाच. म्हणजे अशा रुग्णालयाला निदान दोन माणसं लागतील, आणि ती नेमल्याशिवाय परिपत्रक काढू नये. आहे त्याच सिस्टरांच्या डोक्यावर हे काम टाकलं तर चौथ्या आठवड्यात सगळे रकाने ‘नाही’ने भरलेले दिसतील. त्यात सिस्टरांचा दोष नसेल.

धर्मादाय रुग्णालयांत हाच प्रश्न हक्काचा आहे. तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये. आज मागण्याचा भार रुग्णावर आहे. त्याला कायदा माहीत हवा, फलक वाचता यायला हवा आणि अनामत रकमेच्या काउंटरवर उभं राहून तो बोलून दाखवण्याची हिंमत हवी. दाखल करताना रुग्णालयानेच विचारावं आणि विचारल्याची सही घ्यावी. इथे तर उत्तराची सोय कायद्याने आधीच करून ठेवली आहे.

काही अडचणी मात्र रुग्णालयाच्या हातात नाहीत. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांमुळे पोट भरू न शकणाऱ्याला संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान मिळू शकतं. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला साडेसतराशे रुपये. महाराष्ट्रात एवढ्यात जगणारं कुटुंब शोधून सापडणार नाही, म्हणून खरे गरजू खोट्या दाखल्याच्या वाटेला जातात किंवा बाहेर राहतात. अशा ठिकाणी रुग्णालयाची नोंदच कामाला येईल. ‘आजारामुळे पात्र होता, पण उत्पन्नाच्या अटीमुळे नाकारला’ असे वर्षाकाठी किती जण, हा आकडा जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल. आज तो कुणाकडेच नाही.

म्हणून रजिस्टरचे रकाने चारच असावेत: काय हवं होतं, काय केलं, मिळालं का, नसेल तर कुठे अडलं. किती जणांना विचारलं हा रकाना ठेवूच नये. आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जिल्हा शल्यचिकित्सकांनी फक्त चौथा रकाना वाचावा, एसटीच्या भाड्यापुरता, एक वेळच्या जेवणापुरता छोटा निधी तिथेच मंजूर करावा, आणि महिनाभराने पुन्हा तोच रकाना उघडावा.